वडिलांची किडनी औषधाने बिघडली, म्हणून मुलांनी जीन तपासणी करावी का?

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातल्या एका कुटुंबाचा प्रश्न आहे. वडील ६१ वर्षांचे, द्राक्षबागायतदार. मार्चमध्ये काढणीच्या धावपळीत गुडघे धरले, म्हणून मेडिकलमधून ॲसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम आणून दिवसातून दोनदा, बारा दिवस घेतली. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन आधीपासून चालू होतं. लघवी कमी झाली, मळमळ सुरू झाली, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की वाढणारा आकडा) १.० वरून ३.८ वर गेलं. औषधं थांबवून सलाइन दिल्यावर डायलिसिसशिवाय ते १.४ वर आलं. मुलगा ३४ वर्षांचा, त्याला पाठदुखीसाठी पेनकिलर लागते. मुलगी ३० वर्षांची, ॲसिडिटीसाठी रोज पँटोप्राझोल घेते. एका लॅबने ‘औषधं आणि किडनी’ असं जीन पॅनेल, म्हणजे एकाच नमुन्यात अनेक जीन पाहणारी तपासणी, सुचवलं आहे. ते करावं का, आणि वडिलांचा दोष मुलांत उतरतो का, असं त्यांनी विचारलं आहे.

ते पॅनेल आत्ता करू नका. त्या पैशात दोन्ही मुलांची लघवीची साधी तपासणी, लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, रक्तातलं क्रिएटिनिन आणि एकदा पोटाची सोनोग्राफी होईल. मुलांच्या पुढच्या आयुष्यात पॅनेलपेक्षा याचा उपयोग जास्त आहे. पण जीनचा संबंधच नाही, असंही समजू नका. काही ठरावीक औषधांत गोळी लिहिण्याआधी तपासणी करणं खरोखर उपयोगी ठरतं. ती औषधं कोणती, हे खाली सविस्तर सांगतो.

आधी वडिलांना काय झालं ते पाहू. किडनीतल्या गाळणीकडे रक्त आणणारी बारीक नळी प्रोस्टाग्लँडिन उघडी ठेवतं. गाळणीतून बाहेर जाणारी नळी अँजिओटेन्सिन आवळून धरतं. दोन्हींमुळे गाळणीत दाब टिकतो. पेनकिलरने येणारी नळी आखडली, टेल्मिसार्टनने जाणारी सैल पडली, क्लोरथॅलिडोनने आणि उन्हातल्या घामाने शरीरातलं पाणी-मीठ कमी झालं. ठिबकच्या फिल्टरचा आतला व्हॉल्व्ह मिटावा, बाहेरचा सताड उघडावा आणि विहिरीतलं पाणीही खाली जावं, तसं. मग दाब कुठून येणार? हे तीन औषधांचं त्रिकूट किडनीतज्ज्ञांना चांगलं ओळखीचं आहे, आणि ते घडायला कोणत्याही जीनची गरज लागत नाही. नाशिकच्या आसपास काढणीच्या दिवसांत, तसंच त्र्यंबकेश्वरहून निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला पायी जाणाऱ्या ज्येष्ठांमध्ये हाच धोका असतो: ऊन, कमी पाणी, बीपीची गोळी आणि पायदुखीवर दिवसातून दोन पेनकिलर.

पॅनेलमध्ये सीवायपी२सी९ हा जीन असेलच. यकृतातलं हे एन्झाइम बऱ्याच पेनकिलर फोडतं. जीनच्या प्रकारांना *१, *२, *३ असे क्रमांक असतात. त्याचे *२ आणि *३ हे मंद प्रकार आहेत, आणि *३ भारतात दुर्मिळ नाही. आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती फार मंद असतील, उदाहरणार्थ *३/*३, तर औषध रक्तात जास्त वेळ राहतं आणि पोट, किडनी, हृदय यांना होणारा त्रास वाढू शकतो. जीन पाहून औषध कसं ठरवायचं हे सांगणाऱ्या सीपिक या आंतरराष्ट्रीय गटाने २०२० मध्ये याबद्दल मार्गदर्शन दिलं. अशा व्यक्तीत आयबुप्रोफेन, सेलेकॉक्सिब, फ्लर्बिप्रोफेन, लॉर्नॉक्सिकॅम ही औषधं नेहमीच्या सर्वांत कमी डोसच्या २५ ते ५० टक्क्यांनीच सुरू करावीत, आणि मेलॉक्सिकॅम व पिरॉक्सिकॅमऐवजी दुसरं औषध निवडावं, असं त्यात म्हटलं आहे. पण वडिलांनी घेतलेली ॲसिक्लोफेनॅक, तिचीच सख्खी डायक्लोफेनॅक आणि नॅप्रॉक्सेन यांच्यासाठी त्याच मार्गदर्शनात जीनवरून डोस बदलण्याची शिफारस नाही, कारण या औषधांची रक्तातली पातळी त्या जीनने फारशी बदलत नाही. म्हणजे पॅनेल केलं तरी ज्या गोळीने घोळ केला तिच्याबद्दल उत्तर मिळणार नाही. उलट रिपोर्टवर ‘नॉर्मल’ आलं तर ‘माझ्या किडनीला पेनकिलर चालते’ असा गैरसमज होईल. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

पॅनेलमध्ये हमखास दिसणारा दुसरा जीन एपीओएल१. त्याचे जी१ आणि जी२ हे धोक्याचे प्रकार २०१० मध्ये उजेडात आले. पश्चिम आफ्रिकेत मूळ असलेल्या लोकांमध्ये ते आढळतात. अशा व्यक्तीत इंटरफेरॉनसारख्या औषधाने गाळण्या कोसळण्याचा आजार होऊ शकतो. दिंडोरीच्या घरात हा जीन ‘निगेटिव्ह’ येणार हे तपासणीआधीच सांगता येतं. त्याने धीर मिळवायचं कारण नाही.

जीन पाहणं खरोखर गरजेचं कुठे

सर्वांत पक्कं उदाहरण टॅक्रोलिमसचं. किडनी प्रत्यारोपणानंतर नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून हे औषध आयुष्यभर घ्यावं लागतं, आणि पातळी वाढली की हेच औषध त्या किडनीला इजा करतं. सीवायपी३ए५ या जीनच्या *३ प्रकारात एन्झाइम बनतच नाही. *३/*३ असणाऱ्याला नेहमीचा डोस पुरतो. पण एन्झाइम बनवणाऱ्या *१ ची एक तरी प्रत असेल तर औषध झपाट्याने फुटतं. पहिल्या आठवड्यांत पातळी मिळत नाही, किडनी नाकारण्याचा धोका वाढतो, आणि घाईघाईत डोस चढवला की नंतर पातळी उडी मारते. भारतात *१ बाळगणारे खूप आहेत. त्यांच्यासाठी २०१५ च्या सीपिक मार्गदर्शनात नेहमीच्या सुरुवातीच्या डोसच्या दीड ते दोन पट सांगितलं आहे, एकूण ०.३ मिलिग्रॅम प्रति किलो प्रतिदिन यापुढे न जाता. ही तपासणी प्रत्यारोपणाच्या दोन-तीन आठवडे आधीच करून ठेवा, शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी धावाधाव नको.

जीन माहीत झाला म्हणून पातळी तपासणं थांबत नाही. सकाळची गोळी घेण्याआधी, आदल्या गोळीनंतर बरोबर १२ तासांनी रक्त द्यायचं. लॅबला उशीर होतो म्हणून घरून गोळी खाऊन निघालेला रुग्ण खोटी वाढलेली पातळी घेऊन येतो आणि डोस विनाकारण कमी होतो. फ्लुकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, डिल्टियाझेम यांनी पातळी वाढते, जुलाबातही वाढते. टीबीचं रिफॅम्पिसिन ती कोसळवतं, आणि रिफॅम्पिसिन बंद केल्यावर तोच डोस चालू राहिला तर ती पुन्हा उसळते. ग्रेपफ्रूट आणि पपनस टाळायचं, आपल्या द्राक्षांना मनाई नाही. यकृत प्रत्यारोपण झालं असेल तर रुग्णाच्या रक्तातला जीन पुरेसा ठरत नाही, कारण औषध मुख्यतः दात्याच्या यकृतात फुटतं.

दुसरं जी६पीडी, तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम. या जिल्ह्यात मी हे सर्वांत वर ठेवतो, कारण इथे तपासणी साधी आहे आणि चुकीची किंमत मोठी. या एन्झाइमची कमतरता असलेल्याला प्रायमाक्विन, डॅप्सोन किंवा रॅस्ब्युरिकेज दिलं तर तांबड्या पेशी फुटतात. त्यांतून सुटलेलं हिमोग्लोबिन किडनीच्या नलिकांत जाऊन त्या बंद करतं. लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी होते, डोळे पिवळे होतात, धाप लागते, आणि दोन-तीन दिवसांत क्रिएटिनिन वाढतं. जीन एक्स गुणसूत्रावर असतो, म्हणून त्रास मुख्यतः मुलग्यांना होतो आणि वारसा आईकडून येतो. मामाला मलेरियाच्या गोळ्यांनी कावीळ झाली होती का, हा प्रश्न विचारायचा तो यासाठी. कुष्ठरोगाच्या उपचारात प्रौढांना रोज १०० मिलिग्रॅम डॅप्सोन असतं, व्हायव्हॅक्स मलेरियात १४ दिवस प्रायमाक्विन असतं. दोन्हींच्या आधी तपासणी हवी. रॅस्ब्युरिकेज रक्ताच्या कॅन्सरमध्ये युरिक ॲसिड उतरवायला देतात, तिथे कमतरता असेल तर ते औषध द्यायचंच नाही.

एक चूक इथे वारंवार होते. पेशी फुटण्याचा झटका चालू असतानाच जी६पीडी तपासतात आणि ‘नॉर्मल’ येतं. म्हाताऱ्या, कमी एन्झाइमच्या पेशी फुटून गेलेल्या असतात, उरलेल्या ताज्या पेशींत एन्झाइम भरपूर असतं. म्हणून झटक्यानंतर सुमारे तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करायची. नुकतंच रक्त चढवलं असेल तरीही थांबायचं.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही याच गटात घेतो, जरी तो ‘औषधाचा जीन’ नाही. पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतल्या आदिवासी कुटुंबांत याचा विचार आधी करावा. सिकलसेल आजारात किडनीचा आतला भाग मुळातच कमी रक्तावर जगतो. त्यात दुखण्याच्या प्रत्येक झटक्याला डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन मिळालं तर किडनीची टोकं झडतात, लघवीतून रक्त जातं. या रुग्णांचं क्रिएटिनिन फसवं असतं. शरीर बारीक, गाळणी सुरुवातीला जादा वेगाने चालणारी, त्यामुळे क्रिएटिनिन ०.९ दिसतं आणि ‘किडनी ठीक’ असं लिहिलं जातं, प्रत्यक्षात निम्मी ताकद गेलेली असू शकते. इथे लघवीतलं अल्ब्युमिन पाहिलंच पाहिजे, दुखण्याला आधी पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी. रक्ताच्या साध्या सोल्युबिलिटी चाचणीने सुरुवात होते आणि पॉझिटिव्ह आल्यास इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने वाहक आहे की आजार, ते ठरतं. त्यासाठी आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, खासगी लॅबमध्ये नंतर.

तिसरं ॲलोप्युरिनॉल, युरिक ॲसिड उतरवणारी गाउटची गोळी. प्रतिकारशक्तीच्या जीनचा एचएलए-बी*५८:०१ हा प्रकार असणाऱ्यांत हे औषध त्वचेची भयंकर प्रतिक्रिया घडवू शकतं. अंगभर पुरळ, ताप, यकृत आणि किडनी दोन्ही बसतात. हे बहुतेक पहिल्या आठ आठवड्यांत होतं, आणि किडनी आधीच कमजोर असेल तर धोका वाढतो. अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शनात हान चिनी, कोरियन, थाई आणि आफ्रिकन-अमेरिकन रुग्णांत आधी तपासणी सांगितली आहे, सरसकट सगळ्यांत नाही. आपल्याकडे किडनी कमजोर असलेल्या रुग्णाला हे औषध द्यायचंच असेल तर तपासणी करून घ्यावी, असं माझं मत आहे. ते नाहीच जमलं तर १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी, बहुधा ५० मिलिग्रॅमने सुरुवात, हळूहळू वाढ, आणि पुरळ दिसताच गोळी बंद. पण याआधीचा प्रश्न मोठा आहे: औषध हवंच आहे का? सांधा कधी सुजला नाही, मुतखडा नाही, फक्त रिपोर्टमध्ये युरिक ॲसिड ७.८ दिसलं म्हणून ॲलोप्युरिनॉल सुरू करणं बंद झालं तर या प्रतिक्रियांचा मोठा भाग घडणारच नाही.

जिथे संशोधन आहे, पण प्रिस्क्रिप्शन बदलत नाही

सिस्प्लॅटिन हे कॅन्सरचं औषध किडनीच्या नलिकांमध्ये ओसीटी२ या वाहकातून शिरतं. त्याचा जीन एसएलसी२२ए२, आणि त्यातला ८०८ जी>टी हा बदल किडनीला थोडं वाचवतो, असं काही अभ्यासांत दिसलं, काहींत दिसलं नाही. त्यावरून कुणी डोस ठरवत नाही. आधी-नंतर पुरेसं सलाइन, त्यात मॅग्नेशियम, आणि त्या आठवड्यात पेनकिलर व जेंटामायसिनसारखं अँटिबायोटिक टाळणं याचा फायदा मात्र खात्रीचा आहे.

एचआयव्हीवरच्या टेनोफोविरचंही तसंच. एबीसीसी२ जीनचे बदल आणि नलिकांची इजा यांचा संबंध अभ्यासांत सापडतो, पण उपचार केंद्रात उपयोगी पडते ती लघवीची पट्टी. रक्तातली साखर नॉर्मल आणि लघवीत साखर, शिवाय फॉस्फेट कमी, हाडं दुखतात, तर नलिका बिघडल्या समजा. मग टेनोफोविर डायसोप्रॉक्सिलऐवजी ॲलाफेनामाइड प्रकाराचा विचार होतो. टेनोफोविरबरोबर एकाच गोळीत दिलं जाणारं डोल्युटेग्राविर क्रिएटिनिन ०.१ ते ०.२ ने वाढवतं, कारण ते क्रिएटिनिन बाहेर टाकणारी वाट अडवतं. किडनी बिघडलेली नसते. हे माहीत नसेल तर चांगलं औषध विनाकारण बंद होतं. शंका असेल तर किडनीची सिस्टॅटिन सी ही दुसरी रक्ततपासणी करा.

जेंटामायसिन, अमिकासिन यांबद्दल पॅनेलमध्ये एमटी-आरएनआर१ दिसेल. त्यातला १५५५ ए>जी हा बदल आईकडून येतो आणि एखाद-दुसऱ्या इंजेक्शननेही कायमचा बहिरेपणा आणू शकतो. म्हणून मावशी, आजी किंवा मामा इंजेक्शननंतर बहिरे झाले असतील तर तपासणी जरूर करा. पण तो कानाचा धोका आहे. किडनीचा धोका डोस, दिवसांची संख्या आणि आधीची किडनी यांवर ठरतो. पाच-सात दिवसांपुढे गेलात तर क्रिएटिनिन वाढायला लागतं, लघवी मात्र भरपूर होत राहते, त्यामुळे नुसती लघवी मोजून कळत नाही.

मुलीच्या पँटोप्राझोलचा प्रश्न वेगळा. या गटाच्या गोळ्यांनी कधीकधी किडनीच्या ऊतीत ॲलर्जीसारखी सूज येते. ताप, पुरळ आणि रक्तातल्या इओसिनोफिल पेशी वाढणं ही तिन्ही लक्षणं एकत्र फार थोड्यांत दिसतात, बहुतेकांत फक्त थकवा आणि हळूहळू चढणारं क्रिएटिनिन. यात एचएलएचे काही प्रकार चीनमधल्या अभ्यासांत पुढे आले आहेत, पण आपल्याकडे वापरता येईल अशी तपासणी नाही. वडिलांना झालेली इजा दाबाची होती, ही सूज प्रतिकारशक्तीची असते. एकाचा धोका दुसऱ्यात मोजता येत नाही. ती गोळी रोज खरंच लागते का, हे मात्र तिने डॉक्टरांना विचारावं. लागत नसेल तर हळूहळू सोडावी. चालूच ठेवायची असेल तर वर्षातून एकदा क्रिएटिनिन.

याच प्रकारची सूज रिफॅम्पिसिननेही येते, आणि ती बहुधा औषध मध्येच सोडून महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा सुरू केल्यावर. टीबीच्या गोळ्या सुटल्या असतील तर घरी उरलेलं पाकीट परस्पर पुन्हा सुरू करायचं नाही.

मुलांत काय उतरू शकतं

वडिलांची किडनी आधीपासूनच आतून कमजोर होती आणि पेनकिलरने फक्त ते उघड केलं, असं असेल तर तो दोष मुलांत उतरू शकतो. म्हणून खरा प्रश्न किडनीच्या जीनचा आहे, औषधाच्या जीनचा नाही. वडिलांच्या सोनोग्राफीत दोन्ही किडन्यांत पाण्याच्या अनेक गाठी असतील तर पॉलिसिस्टिक आजाराचा विचार करा. त्यात प्रत्येक मुलाला ५० टक्के शक्यता असते. घरात लघवीत रक्त आणि कमी वयात बहिरेपणा असेल तर अल्पोर्ट हा आनुवंशिक आजार. तिशीच्या आत गाउट आणि किडनी कमजोर असेल तर युमोड या जीनचा आजार. मामाच्या मुलीशी लग्नाची रीत असलेल्या घरात लहानपणापासून मुतखडे असतील तर ऑक्सॅलेटचा आनुवंशिक आजार, आणि अशांनी व्हिटॅमिन सीच्या १००० मिलिग्रॅमच्या गोळ्या खाऊ नयेत. यांपैकी काही सापडलं तर जीन तपासणी अर्थपूर्ण आहे, पण ती त्या आजाराची, आणि सुरुवात वडिलांपासून. आजारी माणसात बदल सापडला की मुलांत तेवढाच शोधता येतो. उलट क्रमाने केलं तर ‘अर्थ अनिश्चित’ असा बदल हातात पडतो आणि घराची झोप उडते.

वडिलांचं क्रिएटिनिन १.४ म्हणजे त्यांच्या वयात किडनीचा रक्त गाळण्याचा वेग (ईजीएफआर) सुमारे ५७. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. तेव्हाही ६० च्या खाली असेल किंवा लघवीतलं अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर असेल तर तो दीर्घकालीन किडनी आजार आहे. बीपीची गोळी परत कधी आणि कोणती सुरू करायची, हे त्या रिपोर्टवर ठरेल, स्वतःहून कायमची बंद ठेवू नका. तपासणीला जाताना गेल्या तीन महिन्यांत पोटात गेलेलं सगळं पिशवीत घेऊन जा: गोळ्यांच्या पट्ट्या, इंजेक्शनची चिठ्ठी, काढे, भस्मं, जिमची पावडर. पाऱ्याचा अंश असलेली पारंपरिक औषधं आणि गोरं करणारी क्रीम यांनी गाळणीचा आजार झाल्याची प्रकरणं दक्षिण भारतातून प्रसिद्ध झाली आहेत. ‘ईश्वरी’सारख्या ॲरिस्टोलोकिया गटातल्या वनस्पतींमधलं आम्ल तर नलिका कायमच्या सुकवतं आणि मूत्रमार्गाचा कॅन्सरही करतं.

पुढे कधी जीन तपासणी करायचीच वेळ आली तर रक्त देण्याआधी लॅबला लेखी विचारा: नेमके कोणते जीन, त्यांतले कोणते प्रकार, आणि रिपोर्टमध्ये *१/*३ अशी नोंद मिळेल का. नुसते लाल-हिरवे ठिपके असलेला रिपोर्ट घेऊ नका, पाच वर्षांनी नव्या औषधाच्या वेळी तो निरुपयोगी ठरतो. जांभळ्या झाकणाच्या नळीत दोन-तीन मिलिलिटर रक्त पुरतं, उपाशी राहायची गरज नाही. बोनमॅरो प्रत्यारोपण झालेल्याच्या रक्तात दात्याचा जीन दिसतो, हे लॅबला आधीच सांगा. एकदा नोंद झालेला प्रकार आयुष्यभर तोच राहतो, तीच चाचणी पुन्हा विकत घेऊ नका.

मुलाच्या पाठदुखीसाठी: आधी पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम, २४ तासांत चारपेक्षा जास्त गोळ्या नाहीत, आणि संयुक्त पेनकिलरच्या पट्टीत पॅरासिटामॉल आधीच असतं, ते मोजणीत धरायचं. ॲसिक्लोफेनॅकसारखी पेनकिलर लागलीच तर तीन दिवसांच्या वर नाही, आणि जुलाब, उलट्या, ताप किंवा उन्हातलं दिवसभराचं काम असेल त्या दिवशी अजिबात नाही. वडिलांच्या पाकिटात एक कार्ड ठेवा, त्यावर मराठीत आणि इंग्रजीत एवढंच लिहा: ‘ॲसिक्लोफेनॅकमुळे किडनीला तीव्र इजा, क्रिएटिनिन ३.८ पर्यंत. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसह या प्रकारची कोणतीही पेनकिलर देऊ नये, इंजेक्शनही नको.’ खाली तारीख आणि शेवटचं क्रिएटिनिन लिहा, आणि तसंच एक कार्ड गावातल्या मेडिकलवाल्याकडेही देऊन ठेवा.